शेवटच्या गाडीची मूठ

कातळवाडीची गाडीवाट उघडी राहणार की कायमची बंद होणार, हे आज संध्याकाळपर्यंत ठरायचं होतं, आणि नेत्राचं चित्त सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं.

वाट म्हणजे बैलगाडीची जुनी चाकोरी. वाडीतून निघून काजूच्या रानात चढायची, पऱ्याचा ओढा ओलांडून वर सड्याच्या माळावर यायची आणि जांभ्या कातळावरून समुद्रावर झुकलेल्या घारटोकापर्यंत जायची. गेल्या पावसाळ्यात कुठल्याशा हौशी टोळक्यानं जीपगाड्या आणून सडाभर चक्रं काढली, फुलं चिरडली, आणि जाताना बेडं उघडं टाकलं. दोन खांबांत आडवे वासे सरकवलेलं ते साधं दार, पण ते उघडं राहिलं आणि म्हशी थेट भातात! वाडीनं दुसऱ्याच दिवशी चिरे रचून वाट बंद केली.

वाट उघडा म्हणून नेत्रा गुहागरहून खेपा घालत राहिली. मैना पोटात होती तेव्हाही, मैना झाली त्यानंतरही. या पोरीला एक दिवस याच वाटेनं घारटोकावर न्यायचं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. अखेर वाडीनं चिरे बाजूला केले. वाडीची माणसं म्हणाली, "एकदा गाड्या नेऊन दाखव. तुम्ही उतरलात की आम्ही वर जाऊन बघणार. वाटेबाहेर चाकं गेलेली दिसली, तर पुन्हा नाव काढायचं नाय."

आज आठ महिन्यांची मैना पहिल्यांदाच दिवसभर आजीजवळ होती. निघताना तिनं आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ती इवली मूठ नेत्रानं एकेक बोट करून उघडली होती.

खालच्या बेड्याशी येसूबाई उभी होती. हातात काठी, मागे म्हशी.

"तीनच ना गो गाड्या?"

"तीनच, मावशी. समोर कुणी भेटलं की आम्ही बोटं दाखवतो, मागे किती येतायत ते. मी दोन दाखवणार, हे गुरुप्रसाद एक. शेवटचा मूठ दाखवतो. मूठ दिसली की समजायचं, मागे कुणी राहिलं नाही."

"आणि बेडं?"

"शेवटची गाडी लावणार."

"शेवटचा कोण? हा?" येसूबाईनं तिसऱ्या गाडीत बसलेल्या आपल्या पुतण्याकडे बघितलं. "ह्यानं जन्मात कधी दार लावलेलं मी नाय बघितलं!"

"काकी, लोकांसमोर तरी!" दीपक हसला. मुंबईला नोकरी, गाडी नवी कोरी. "आणि नेत्रा, तू नियम कुणाला शिकवतेस? गुरं राखलीत मी या सड्यावर. डोळे बांधून सोड मला."

"डोळे उघडे ठेव, तेवढं पुरे," नेत्राच्या शेजारी बसलेली गुणवंती म्हणाली. अंजनवेलच्या कोळ्यांची ती पोर. दोरखंड बांधण्यात हात धरणारं कुणी नाही आणि तोंडाला तर नाहीच नाही.

चढ सुरू झाला. पऱ्याला पाणी होतं. गुरुप्रसाद, खेडला गॅरेज चालवणारा शांत माणूस, आधी पायी उतरून तळ चाचपून आला. मग तिन्ही गाड्या पाणी न उडवता, हळू, एकामागून एक पलीकडे गेल्या. पुढे चाकोरीत चिखलाचं डबकं. बाजूनं गवतावरून जाता आलं असतं सहज. पण एक गाडी बाजूनं गेली की दुसरी जाते, आणि वाटेचं मैदान होतं. नेत्रानं गाडी सरळ डबक्यात घातली. चाकं फिरली, रुतली, घरघरली. थोडं मागे! पुन्हा पुढे! सुटली!

मग येसूबाईच्या म्हशी आडव्या आल्या. इंजिनं बंद करून थांबायचं. म्हशींना कसली घाई? एक मधेच उभी राहून रवंथ करायला लागली. नेत्राची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. मैनेच्या दुधाची वेळ टळून गेली होती. छाती दाटून आली होती, कुडता ओला झाला होता.

"सासूबाई देतील गं वाटीनं," गुणवंती हळूच म्हणाली.

"माहितेय." पण देहाला कुठे माहीत होतं!

गाड्या सड्यावर आल्या तर धुकं! चाकोरीच्या दोन्ही कडांना फुलं, जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, कातळाच्या खळग्यांत आभाळ साठलेलं, आणि चार हातांपलीकडे काही नाही. वाट इथे फुटत होती. फाट्यावर नियम नेत्रानंच घातलेला: मागची गाडी दिसल्याशिवाय हलायचं नाही.

गुरुप्रसादचे दिवे दिसले. वायरलेसवर दीपकचा आवाज खरखरला, "येतोय, येतोय, निघा तुम्ही!"

नेत्रानं गिअर टाकला.

"त्याची गाडी दिसली कुठे?" गुणवंती म्हणाली.

"आवाज ऐकलास ना? चल. उशीर होतोय."

पुढची गाडी धुक्यात नाहीशी होईल या धास्तीनं गुरुप्रसादही निघाला.

वरच्या बेड्याशी येसूबाई पायवाटेनं आधीच पोचली होती. नेत्रानं दोन बोटं दाखवली आणि गाडी पुढे काढली. आणि एकाएकी वाऱ्यानं धुकं फाडलं! समोर समुद्र, निळाशार, अफाट. आणि त्यात नाक खुपसून बसलेलं घारटोक. हात लांब केला तर लागेल असं! नेत्रा मनातच म्हणाली, बघ मैने, हे बघ!

तेवढ्यात मागून कुकारा आला. लांब, उंच, काळीज चिरणारा.

"कूऽऽऽ! बाऽऽय! थांऽऽब!"

नेत्रानं ब्रेक मारला. चाकोरी अरुंद, वळायला जागा नाही. वळायचं तर फुलांत शिरावं लागणार. दोन्ही गाड्या रिव्हर्समध्ये मागे आल्या. गुणवंती मागून धावत हात करत होती, "उजवीकडे, अजून, बस!"

येसूबाई बेड्यात उभी होती. वासा अजून हातातच.

"तू दोन दाखवलीस. ह्यानं एक दाखवलं." तिनं मागच्या रिकाम्या वाटेकडे बोट केलं. "मूठ कुठं हाय?"

नेत्रानं वायरलेस उचलला. "दीपक! दीपक, बोल!" नुसती खरखर. मग धुक्यातून, जिथे वाटच नव्हती तिथून, हॉर्नचा बारीक आवाज. न थांबणारा.

तशाच मागे मागे येत दोन्ही गाड्या फाट्याजवळ पोचल्या. फुलांतून दोन ताजे चर निघाले होते. दीपकनं लहानपणीची आडवाट धरली होती. सगळ्यांच्या आधी टोकावर पोचून त्यांचा व्हिडिओ काढायचा होता त्याला! उन्हाळ्यात गुरांमागे पळणाऱ्या पोराला त्या कातळानं झेललं होतं. पण पावसानं खालची माती धुऊन नेली होती, आणि वरचा पोकळ कातळ या जड गाडीखाली खचला. पुढचं चाक भोकात, गाडी एका अंगावर कललेली, दीपकच्या बाजूचं दार थेट अंधारावर टांगलेलं.

"हलू नको!" नेत्रा ओरडली.

"नाही हलत! काकीला सांगू नका!"

"काकी हितंच हाय, मेल्या!" येसूबाई गरजली आणि तिथेच पदराला डोळे पुसायला लागली.

गाडी करकरली. आणखी कलली.

"वहिनी, गाडी जवळ घेतो," गुरुप्रसाद म्हणाला. "दोर पुरायचा नाही."

"नको! वाट सोडायची नाही."

"अहो, माणूस लटकलाय, आणि तुम्ही वाट..."

"खाली आणखी कुठे पोकळ आहे, ठाऊक आहे? दुसरी गाडी खचली तर ओढणार कोण? दोर जोडा!"

फाट्यावर वाट रुंद होती; नेत्रानं तिथेच, चाकोरी न सोडता, गाडी आडवी करून तोंड भोकाकडे केलं. मागे गुरुप्रसादची गाडी साखळीनं जखडली. चारी चाकांना दगड लावले. बंपरवरच्या, दोर ओढून गुंडाळणाऱ्या विंचचा दोर, त्याला गुरुप्रसादचा गाडी ओढायचा पट्टा. गुणवंतीनं गाठ मारली, ओढून बघितली. नेत्रा दोर घेऊन निघाली, पाऊल टाकायच्या आधी काठीनं कातळ ठोकत. टण. टण. धप! बाजूला सरक. टण. पोचली! मागच्या हुकात दोर अडकवला आणि तशीच परतली.

तुटलाच तर दोर चाबकासारखा उडतो. त्यावर काहीतरी जड टाकायला हवं. मागच्या सीटवर मैनेची गोधडी होती. नेत्रानं ती खळग्यात बुचकळली आणि दोरावर टाकली.

"सगळे लांब! ओढतेय!"

विंच कण्हला. दोर ताठला. गोधडीतून पाणी ठिबकलं. नेत्राची गाडी सरकली! साखळी खणखणली. थांबली!

"दीपक, दोरानं धरलंय. मागच्या दारानं ये. पोटावर सरपटत!"

आधी एक हात दिसला. मग डोकं. मग चिखलानं माखलेला दीपक फुलांत पडला आणि रांगत रांगत वाटेवर आला. येसूबाईनं त्याला एक ठेवून दिली आणि मग छातीशी धरलं.

रिकामी गाडी इंच इंच वर आली. वाटेवर उभी राहिली तेव्हा धुकं पार निवळलं होतं. घारटोक उन्हात झळकत होतं.

"अर्ध्या तासात जाऊन येऊ," गुणवंती म्हणाली. "एवढ्या लांब आलो."

नेत्रानं टोकाकडे बघितलं. डोळे भरून बघितलं. मग त्या दोन चरांकडे.

"नको. परत."

दीपक गुडघ्यावर बसून उपटलेली माती हातानं चरांत दाबत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

नेत्रा येसूबाईजवळ गेली. "मावशी, वाटेबाहेर चाकं गेली. त्याची चूक आहेच. पण फाट्यावर मी थांबले नाही. घराची ओढ लागली होती. तुम्ही वाट बंद करा."

येसूबाई चरांकडे बघत राहिली. मग चाकोरीत उभ्या गाड्यांकडे.

"गेल्या वर्षी एकपण गाडी वाटेवर नव्हती. आज दोन होत्या. माझं पोर भोकात लटकलं, तरी वाटेवर होत्या." तिनं नाक ओढलं. "फुलं हायत तवर वाट बंद. त्या भोकाभोवती गडगा घालायचा. चिरे हा वाहील, दर रविवारी. दिवाळी झाली की ये तू. वाडीला मी सांगते."

खालच्या बेड्याशी येसूबाई पुन्हा उभी राहिली. नेत्रानं दोन बोटं दाखवली आणि पलीकडे जाऊन थांबली. गुरुप्रसादनं एक. मग दीपकची चेपलेली गाडी आली, आणि खिडकीतून चिखलाची मूठ वर झाली. उतरून त्यानं एकेक वासा सरकवून बेडं लावलं, हलवून बघितलं. मगच नेत्रानं गिअर टाकला.

गुहागरला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. मैनेनं आधी रुसून तोंड फिरवलं, मग आईला बिलगून अधाशासारखी प्यायली आणि पिता पिताच झोपली. ओली गोधडी दांडीवर ठिबकत होती. मैनेचा हात नेत्राच्या छातीवर होता, बोटं गच्च मिटलेली.

नेत्रा त्या मुठीकडे बघत बसली. सगळे आले होते. मागे कुणी राहिलं नव्हतं.