बपेऱ्याची गाडी लाखांदुरात

बस गा, चहा उकळते तवरक एक गोष्ट सांगतो. अशी तू कधी आयकलीच नसशील.

आपला अतुल, इंटरनेटच्या तारा ओढते तो. एक दिवस लाखांदूरच्या चौकात खांबावर चढून होता. खालून आवाज आला, “ओ भाऊ, तार काहून काढली? मी मोजून राहिली ना.”

पाहते तं लॅपटॉप घेऊन एक पोरगी उभी. दीपमाला. नागपूरच्या कॉलेजातली.

“काय मोजून राहिल्या, मॅडम?”

“रस्ता.”

दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात तिनं त्याले बाजूले बसवलं. “हर इंटरनेट कंपनी जगाले सांगते, माह्याकडे यायचा रस्ता असा-असा. निरोप खरंच तसा जाते का, थे मी पाहून राहिली.”

अतुल हसला. “इथून भंडाऱ्याले? सरळ पवनीवरून. तार मीच ओढली.”

तिनं बटन दाबून भंडाऱ्याले एक निरोप धाडला. तो जिथून-जिथून गेला, तिथली एकेक ओळ स्क्रीनवर आली... नागपूर... मुंबई... चेन्नई... परत नागपूर, अन् मंग भंडारा. अतुलचा कप हातातच राहिला. धानाच्या बांध्यांतून, चिखल तुडवत ओढलेली तार त्याची. अन् तिच्यातून निघालेला निरोप दोन समुद्रांपर्यंत जाऊन आला.

“किती वेळ लागला?” त्यानं हळूच इचारलं.

“तुमची पापनी लवली ना आता? त्याच्याही आधी आला.”

तो पाहतच राहिला — स्क्रीनकडे का तिच्याकडे, त्याचं त्यालेच समजेना.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी दीपमाला वायर गुंडाळत म्हनाली, “उद्यापासून मी नाही येत. झालं मोजून.”

अतुलनं वायरचं दुसरं टोक धरलं.

“एक रस्ता राह्यला पन. तुमच्या ऑफिसात फोन केला तं समजलं, तुम्ही तिथं रोज सांगता, बपेऱ्याले चाललो. बपेरा तिकडे, मध्य प्रदेशाच्या काठाले. अन् गाडी रोज लाखांदुरात. काहून?”

“तिकडे... तार तुटली होती.”

“म्हनून इकडे आले?”

त्याचे कान लाल झाले.

“अतुल, खरं सांग ना.”

“तुले पाहाले येतो,” एका दमात बोलून गेला तो. “रविवारीबी आलो होतो. केंद्र बंद होतं.”

दीपमालानं लॅपटॉप मिटवला. नखानं त्याची कड खरवडत राह्यली.

“माहं मोजनं तिसऱ्याच दिवशी झालं होतं,” ती म्हनाली.

आता दोघायचं लग्न एवढ्यावरच अडलं आहे. तिचे बाबा, जवाहरनगरचे डोमाभाऊ, सरकारी नोकरीवालाच जावई पाह्यजे म्हनून बसले. तुमच्या फॅक्टरीच्या बसमधी तुहं त्यायच्यासंग रोजचं जानं-येनं. उद्या त्यायच्या बाजूची सीट धर, अन् आपल्या अतुलबद्दल दोन शब्द बोलून पाह्य ना गा.