पाचाने भागायचं राहिलं

“ताशी छत्तीस किलोमीटर!” आमोद पार्किंगमध्ये ओरडला. “गेटच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय! आठ मीटर चार सेकंदांत. म्हणजे सेकंदाला दोन मीटर, गुणिले अठरा!”

डबे पोचवणाऱ्या रुपालीताईंची स्कूटर उतारावर आडवी पडली होती आणि चेअरमन श्यामसुंदरकाकांच्या गाडीचा मागचा बंपर चेपला होता. तो कोपरा कॅमेऱ्यात येत नव्हता.

“शाबास!” काका म्हणाले. “रुपालीबाई, उद्यापासून आपण आत येण्याची तसदी घेऊ नये.”

“अहो, मी स्कूटर लावून वर गेले होते...” रुपालीताई बोलू लागल्या, पण ऐकतो कोण? वारज्यातल्या या एकाच सोसायटीत त्यांचे निम्मे डबे जात होते.

घरी परतताना सुट्टीला आलेली आमोदची मामेबहीण तनया जिन्यात थबकली. “छत्तीस? इथे? आमोद, अठराने गुणून पाचाने भागायचं असतं ना रे?”

आमोदचा चेहरा खर्रकन उतरला. सात! फक्त सात! गेटवरच्या पाटीनुसार तर दहाची परवानगी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री त्याने आमरसाची वाटीही बाजूला सारली.

सकाळी दोघं आणि शेजारचा ऋषी स्कूटरपाशी गेले. “धडक हिने दिली असती तर तोंड चेपलं असतं,” तनया म्हणाली. “चेपलीय तर कूस! म्हणजे हिलाच कोणीतरी ठोकलंय!”

काकांची गाडी काल जिथे उभी होती तिथे ऋषीने लिंबू ठेवलं. ते हळूहळू निघालं आणि स्कूटरला जाऊन टेकलं!

“बस, लिंबू दाखवू,” ऋषी कुजबुजला. “तुझ्या गणिताचं कशाला सांगायचं?”

आमोदने लिंबू उचलून त्याच्या हातात ठेवलं.

संध्याकाळी सगळे खाली जमले. रुपालीताई गेटबाहेर डबे घेऊन उभ्या होत्या. तनयाने साळसूदपणे विचारलं, “काका, तुम्ही दुसऱ्यांच्या गाडीमागे गाडी लावता, तेव्हा त्यांना ती ढकलता यावी म्हणून न्यूट्रलला ठेवता ना? हँडब्रेकही सोडून?”

“अर्थात! कालही तशीच ठेवली होती. मी नियम पाळणारा माणूस आहे!”

ऋषीने लिंबू सोडलं. सगळे बघत राहिले. लिंबू थांबलं तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता.

“म्हणजे माझीच गाडी...” काका पुटपुटले. “पण मग ते छत्तीस?”

आमोदचे पाय तिथून पळायला बघत होते. “छत्तीस नाही, सात,” तो कसाबसा म्हणाला. “मी पाचाने भागलंच नाही. ताई सावकाशच आल्या होत्या.”

काकांनी रुपालीताईंना आत बोलावलं, सर्वांसमोर माफी मागितली आणि स्कूटर दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. मग ते मुलांकडे वळले. “शाबास रे पोरांनो!”

कालचाच शब्द! आमोदला मान वर करवेना. तो रुपालीताईंपुढे जाऊन उभा राहिला. “ताई, चुकलो.”

“गणित चुकतंच रे बाप्पा,” त्या म्हणाल्या. “पण ते मांडायच्या आधी मले एकदा विचारलं असतं तर?”

आमोदने त्यांच्या हातातले डबे घेतले आणि तो जिना चढू लागला.