ओळख दाखवण्याचा मान

निळ्या कोटातला तो पुन्हा माझ्या दिशेने आला, थबकला... आणि परत खांबामागे! माझा जीव नुसता वरखाली होत होता.

ड्रेस्डेनमधल्या आमच्या डान्स क्लबचा बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या उमरावांचे पोशाख आणि नियमही तेव्हाचेच — तिसऱ्याने रीतसर ओळख करून दिल्याशिवाय पुरुषाने स्त्रीशी बोलायचं नाही. आणि ओळख करून देणाऱ्या आमच्या टीचर फ्राऊ लिंडनर नेमक्या केक कापत बसलेल्या! ट्राममध्ये वर्षभर चोरून बघितलेला मुलगा समोर होता, आणि मी पंखा हलवत उभी.

अखेर त्यांना दया आली. "मिस ऊर्जा, मिस्टर अनिमेष यांची ओळख करून देऊ?"

मी इतक्या घाईने मान डोलावली की केसांतलं फूल पडलं.

नाच सुरू झाला.

"वर्षभर बघताय मला," मी म्हटलं.

"बघत होतो... पण बोलणार कसं? ओळखच नव्हती."

"आणि आता?"

त्याचं पाऊल चुकलं. "आता... उद्या सकाळच्या गाडीने म्युनिकला चाललोय. जॉब लागलाय." जाताना हळूच म्हणाला, "नियम मी शेवटपर्यंत पाळतो हं."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पावसात धावत स्टेशन गाठलं. तो प्लॅटफॉर्मवरच होता. मला पाहिलं — नक्की पाहिलं! पण हसला नाही, हलला नाही. काल नाचला आणि आज ओळखही दाखवत नाही? मेला शिष्ट! मी रडू आवरत पाठ फिरवली.

जिन्यापाशी फ्राऊ लिंडनरचा शेवटचा धडा आठवला. बॉलमधली ओळख बॉलपुरतीच. ती पुढे न्यायची की नाही, हे स्त्रीने ठरवायचं. तिने आधी अभिवादन केलं, तरच पुरुषाने बोलायचं.

मी वळले. भिजलेल्या रेनकोटची टोकं धरली आणि भर प्लॅटफॉर्मवर गुडघे वाकवून मान झुकवली.

"अगं, किती वेळ लावलास!" तो धावतच आला. "जीव जायची वेळ आली होती माझी!"

"मूर्खा, हाक मारायचीस ना!"

"आणि तुला ओळख नको असती तर?"

शिट्टी वाजली. तो दारात चढला. "शनिवारी येऊ... तुला भेटायला?"

"नको."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी येते," मी म्हटलं. "आवडतोस तू मला. ओळख पुढे बाईनेच न्यायची ना?"

दारं मिटली. आतून त्याने इतकं लवून मान झुकवली, की कपाळ काचेवर आपटलं.