पोपटी पट्टा

त्या बागेतल्या निलगिरीची साल इतकी रंगीत, की इंद्रधनुष्य म्हणे तिथे उसने रंग मागायला यायचं. ते मी पाहिलेलं नाही. पाहिली ती दोन माणसं.

एका मंगळवारी रंगाच्या कारखान्यातला रंगारी तिथे आला. जुनी साल नुकतीच सोलून पडली होती आणि खाली ओला, लखलखीत पोपटी पट्टा. त्यानं बुंध्याला नाक टेकवलं.

"मुका घेताय?" मागून तरुण माळीण म्हणाली. "त्याला विचारलंत तरी का?"

तो लाजला... कारखान्यात नसलेला लाल झाला.

मालकाला हाच पोपटी हवा होता; महिन्यात जुळला नाही तर नोकरी जाणार होती. रंग डोळ्यांत भरून न्यायचा नि कारखान्यात मिसळायचा, ही त्याची मिजास. पण पुढच्या मंगळवारी डबा घेऊन आला, तर पट्टा निळसर. आपलीच नजर चुकली, म्हणाला.

माळिणीला ठाऊक होतं — ही साल उघडी पडली की पोपटीची निळी, निळीची जांभळी, मग नारिंगी होत जाते. सांगायला तिनं तोंड उघडलं... तेवढ्यात तो म्हणाला, पुढच्या मंगळवारी येतो. तोंड मिटलं.

तिसऱ्या खेपेला पट्टा जांभळा, आणि रंगाऱ्याला चक्क चष्मा. तिनं चष्म्याची थट्टा केली. त्यानं सांगितलं, आई विचारते, रंग जुळवतोयस की सोयरीक? दोघं हसली. सांगायचं पुन्हा राहिलं.

पाचव्या मंगळवारी तो रिकाम्या हातांनी आला. नजर गेलेला रंगारी कोण ठेवणार? निरोप घ्यायचा म्हणून मान वर केली, तर वरच्या फांदीची साल सुटलेली — खाली तोच पोपटी. त्यानं खालचा जुना पट्टा पाहिला, तो आता नारिंगी; मग पुन्हा वर पाहिलं.

"रंग बदलतो... तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"तुम्ही आला नसतात."

"दुसऱ्या मंगळवारपासून मी रंगासाठी येतच नव्हतो हो," तो हळूच म्हणाला. "डोळे तपासून घेतले, आईला वाटलं आंधळा होतोय... नुसतं 'या' म्हणायचं होतंत."

तो वळला. मग तिनं म्हटलं — या. मोठ्यानं म्हटलं. पण तोवर त्यानं फाटक बाहेरून ओढून घेतलं होतं, कडीही नीट लावली होती. सभ्य माणूस होता.