मसाक्याची भरलेली गाडी

प्रवास माणसाच्या मनाची कवाडं उघडतो, त्याला मोठं करतो आणि त्याची स्वतःशीच ओळख करून देतो, असं नाबुकेरा गेली तीन वर्षं दर गुरुवारी कंपालाच्या एका वर्तमानपत्रात लिहीत आली होती. यातलं काहीही घडायला आधी गाडी सुटावी लागते, हे मात्र तिने कधी लिहिलं नव्हतं. आणि गाडी सुटत नव्हती.

सव्वानऊला ती टॅक्सी स्टँडवर आली, तेव्हा मसाक्याच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये चौदापैकी तेरा जागा भरलेल्या दिसल्या, म्हणून ती चढली. 'रिकाम्या गाडीकडे बघूसुद्धा नका, भरत आलेली गाडी निवडा,' ही तिचीच पहिली सूचना. आता पावणेअकरा झाले होते आणि गाडी अजूनही भरतच आलेली होती.

तीन वाजता तिला मसाक्यात असणं भाग होतं. तिथल्या रेडिओ केंद्रावर तिचा अर्ध्या तासाचा थेट कार्यक्रम होता. विषय : वेळेवर कसं पोचावं. कार्यक्रम जमला तर सकाळच्या निवेदिकेची कायमची नोकरी; नाही जमला तर पुन्हा मावशीच्या दुकानात साबणाच्या वड्या कापायच्या आणि गुरुवारी लेख लिहायचा. केंद्राच्या साहेबांनी फोनवर दोनदा बजावलं होतं की तीन म्हणजे तीन. रस्ता वाटेतले खोळंबे धरून सव्वातीन तासांचा. पावणेबाराच्या आत चाकं फिरली नाहीत, तर सगळं संपलं.

शेजारी बसलेल्या माणसाने राखाडी सूट घातला होता. पायांशी तपकिरी सूटकेस, हातात भाजलेलं मक्याचं कणीस. ती चढली तेव्हा तो उठून उभा राहिला होता, तिची बॅग दोन्ही हातांनी घेऊन त्याने मागे डिकीत पोचवली होती, आणि म्हणाला होता की आता पाय मोकळे ठेवून बसा. 'सामान मांडीवरून हलू देऊ नका,' ही तिची चौथी सूचना. पण सकाळच्या वेळी साबणाचा ताजा वास येणारा माणूस समोर दोन्ही हात करून उभा राहिला, की चौथी सूचना नेमकी आठवत नाही.

"घाईत दिसताय, न्याबो," तो 'बाईसाहेब' म्हणावं तशा अदबीने म्हणाला.

"तुम्ही नाही?"

"आहे ना. पण मी आतल्या आत घाई करतो. चेहऱ्याला त्रास होत नाही."

त्याचं नाव काबुये. तो बोलायला लागला आणि रस्ता जणू खिडकीबाहेर सरकू लागला. कायाब्वेला विषुववृत्ताच्या रेघेवर लोक एकेक पाय दोन्हीकडे टाकून कसे फोटो काढतात, आणि नंतर कोणता पाय जास्त उत्तरेला होता यावर नवरा-बायकोत कसं वाजतं. लुकायाला मांस विकणारे सळया घेऊन गाडीमागे कसे धावतात, त्यातल्या लाल टोपीवाल्याकडूनच का घ्यायचं. नाबुकेरा हसत होती. मध्येच तिच्या लक्षात यायचं की आपण ज्या गाडीत बसून हसतोय ती जागची हललेली नाही, आणि हसू अर्ध्यावर थांबायचं.

मग तिला काहीतरी दिसू लागलं.

दोन कोंबड्या घेऊन एक बाई चढल्या, त्याच वेळी पुढचा एक गृहस्थ पाणी आणायला उतरला. एक विद्यार्थी चढला, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या माणसाला अचानक चुलता भेटला. दर वेळी कंडक्टर बाहेरून पत्र्यावर दोनदा टकटक करायचा. उतरलेलं कुणी परत येत नव्हतं.

पगारी बसणाऱ्यांबद्दल तिनेच नवव्या सूचनेत वाचकांना सावध केलं होतं. गाडी भरलेली दिसावी म्हणून मालक माणसं बसवून ठेवतो. खरा प्रवासी आला, की त्यातला एक हळूच उतरतो. पण ते ओळखू येतात. त्यांच्याजवळ सामान नसतं, ते काही खात नाहीत, गाडी कधी निघणार हे विचारत नाहीत. इथे तर प्रत्येकाजवळ पेटी होती. पलीकडची बाई शेंगा सोलत होती. काबुये दर दहा मिनिटांनी मान बाहेर काढून, गाडी आज निघणार की ख्रिसमसला, असं मोठ्याने विचारत होता.

टकटक झाली, डाव्या बाजूला. काबुये बोलता बोलता थांबला... आणि पुन्हा बोलू लागला. शेंगावाली बाई त्याच्याकडे रागाने बघत उतरली. थोड्या वेळाने पुन्हा टकटक. या वेळी मागचा एकजण कुरकुरत गेला. तिसऱ्यांदा कंडक्टरने खिडकीत तोंडच घातलं आणि सांगितलं की सेबो, अहो साहेब, बाहेर तुमचा फोन वाजतोय. फोन काबुयेच्या हातात होता.

सव्वाअकरा.

"न्याबो, एक सांगायचंय," काबुये हळूच म्हणाला. "तुम्ही रागवाल."

"गाडी निघत नाही याहून वाईट असेल, तरच."

"तेच आहे."

त्याने सूटकेस उघडली. आत घडी घातलेलं एक वर्तमानपत्र होतं, बाकी काही नाही. वर तिचा लेख, कोपऱ्यात तिचा फोटो.

"सूचना क्रमांक नऊ," तो म्हणाला. "हे छापून आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना पेट्या मिळाल्या. कणीस, शेंगा मालकाच्या. दर दहा मिनिटांनी ओरडायचं, तेही तुमच्यामुळेच. धंदा फार सुधारला."

ती डिकीकडे वळून बघू लागली. "म्हणजे माझी बॅग..."

"ती कामाचा भाग. सामान मागे गेलं की माणूस उतरत नाही." त्याने पेटी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. "पण ती टकटक... ती तीनही वेळा माझ्यासाठी होती. माझी पाळी होती. मी उतरलो नाही."

"का?"

"तुम्ही हसत होतात."

रागवावं की काय करावं, हे ठरवायला नाबुकेराजवळ वेळ नव्हता. तिने कोरड्या आवाजात विचारलं, या गाडीत खरं कोण कोण आहे. काबुयेने हिशेब केला : ती, कोंबड्यावाल्या बाई, विद्यार्थी, आणखी दोघं, आणि मागे झोपलेले एक आजोबा. आजोबांबद्दल त्यालाही खात्री नव्हती. म्हणजे दोन वाजायच्या आत ही निघत नाही. गेटजवळ मात्र मसाक्याचीच एक निळी गाडी उभी होती, तीत सगळे खरे होते.

"हे सांगायची तुम्हाला परवानगी आहे?"

"आजवर कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि उतरून डिकीकडे गेला.

कंडक्टर आधी हसला, मग त्याने बॅग बघितली आणि त्याचा आवाज चढला. सूट घातला म्हणून स्वतःला साहेब समजायला लागलास काय, मालकाला काय तोंड दाखवू, असं त्याने सगळ्या स्टँडला ऐकवलं. काबुयेने रिकामी पेटी त्याच्या हातात दिली. कंडक्टरने कोटही मागितला. कोट मालकाचा होता. तोही दिला. खालचा शर्ट दोन्ही कोपरांवर फाटलेला होता, म्हणूनच बहुधा उन्हातही तो कोट काढत नसावा.

निळ्या गाडीत नाबुकेरा तेरावी. एक जागा उरली होती आणि ड्रायव्हर म्हणजे अगदी तत्त्वाचा माणूस. एका हाताने तो हॉर्न दाबत होता, दुसऱ्याने दात कोरत होता, गिअरला हात लावत नव्हता. अकरा चाळीस. अकरा त्रेचाळीस. कोणी येईना. खिडकीबाहेर काबुये फाटक्या शर्टात उभा होता. पेटी नसलेल्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

तिने मान बाहेर काढली. "तुम्हाला नुसतं बसता येतं, की जाताही येतं?"

त्याने प्रश्नाचा गंभीरपणे विचार केला. "मसाक्याला मी चार वर्षं निघतोय. पोचलो एकदाही नाही."

"मग ते विषुववृत्त? तो लाल टोपीवाला?"

"ऐकीव."

"चढा," ती म्हणाली. "माझी वेळ जातेय."

दार सरकून बंद झालं आणि निळी गाडी सुटली.

शहराबाहेर रस्त्याचं काम चाललं होतं. तिथे अठरा मिनिटं गेली. पुढे केळ्यांचा ट्रक कलंडला होता आणि अख्खं गाव केळी उचलून न्यायला मदत करत होतं, स्वतःच्या घरी. मग पोलीस. दर खेपेला नाबुकेरा घड्याळ बघायची, आणि काबुये तिची बॅग मांडीवर घट्ट धरून तिच्याकडे बघायचा, जणू सगळा रस्ता त्यानेच खणून ठेवलाय. कायाब्वेची रेघ आली तेव्हा तो खिडकीकडे सरकला. रेघ मागे पडून दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहिला. लुकायाला सळयांवरच्या मांसाचा वास आत शिरला. कोणालाही लाल टोपी नव्हती. ती म्हणाली की गाडी थांबवू देणार नाही, तो म्हणाला की थांबवली तर मीच ढकलीन. तेव्हा त्याचा हात तिच्या हातावर होता. कधी आला, दोघांनाही सांगता आलं नसतं.

दोन एक्कावन्नला मसाका. दोघं चढावरून पळाली, बॅग त्याच्या डोक्यावर, तिच्या चपला हातात. दोन सत्तावन्नला रेडिओ केंद्राचं गेट.

रखवालदार शांतपणे चहा पीत होता. वीज सकाळपासून नव्हती, त्याने सांगितलं. साहेब घरी गेलेत. सोमवारी या.

नाबुकेरा पायरीवर बसली. छाती अजून धडधडत होती, आणि त्यातून एकदम हसू फुटलं, थांबेचना. काबुये बॅग खाली ठेवून दोन हात अंतरावर उभा राहिला.

"आता परत गेलो तर कोणी उभं करणार नाही," तो म्हणाला. "आणि मला दुसरं काही येत नाही. पण... तुमच्या शेजारी बसायला आवडेल मला. बिनपगारी."

"किती वेळ?"

"कितीही टकटक झाली, तरी."

ती पायरीवर थोडी सरकली. "बस मग," ती म्हणाली. अहो-जाहो तिथे संपलं.

ती चुलतबहिणीकडे राहिली, तो चर्चच्या ओसरीवर. वीज सोमवारीही नव्हती. मंगळवारी आली, तेव्हा माइक चालतोय का बघायला साहेबांनी काबुयेला कशावरही दोन मिनिटं बोलायला सांगितलं. तो वीस मिनिटं बोलला.

नोकरी त्याला मिळाली.