नळीखालचं झाकण

ही घडलेली गोष्ट आहे. खरी आहे हे पटवायला मी कुणाची शपथ घेणार नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, माझ्या शपथेला बाजारात भाव नाही.

एवढंच सांगतो. जिच्यापासून ही गोष्ट लपवायची आहे, तिला वाचता येत नाही. हे आधी नीट विचारून घेतलं, आणि मगच लिहायला बसलो.

जागा : दौंड, रेल्वे क्वार्टर.

साल १९९९, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. वेळ दुपारी पावणेतीन.

रात्र नव्हती. ज्यांना भुतं रात्रीचीच लागतात, त्यांनी इथं थांबलं तरी चालेल.

अलीमभाई माझा मामेभाऊ. दौंडच्या यार्डात फिटर. त्याला एकच नाद, रणगाडे. नगरकडे जाणारी मिलिटरीची स्पेशल यार्डात थांबली, की सपाट वाघिणींवर ताडपत्रीखाली रणगाडे असायचे. हा पठ्ठ्या डबा सोडून तिकडं. टेप लावला तर पहारेकरी जवान हटकणार, म्हणून हा शेजारून चालत जायचा आणि पावलं मोजायचा. रात्री घरी वहीत आकडे. मग तेलाच्या डब्याचा पत्रा, डाग द्यायची कांडी, आणि पस्तिसास एक या मापाचा रणगाडा तयार.

घरात असे एकवीस रणगाडे होते. सुफियाभाभी म्हणायची, "पाकिस्तानकडं बी एवढे नसतील. पण डाळ ठेवायला डबा न्हाई."

(आम्ही घरात आमची हिंदी बोलतो. तुमच्या सोयीसाठी मराठीत लिहितोय.)

त्या वर्षी कारगिल झालं होतं. गावोगाव अचानक देशभक्तीचा हंगाम आला होता. ज्यांची चौतीस वर्षं कुणी चौकशी केली नव्हती, असे शहीद शोधून काढले जात होते. मांडवगण फराट्याला एक सापडला.

भिमाजी. पासष्टच्या लढाईत रणगाड्याचा ड्रायव्हर. गेला तेव्हा तेवीस वर्षांचा. मागे बायको, अनसाबाई. तेव्हा एकोणीसची.

गावानं सत्कार ठरवला. शाळेत काचेच्या पेटीत भिमाजीच्या रणगाड्याची प्रतिकृती ठेवायची. ते काम घेऊन अलीमभाईकडं आले सोपानराव. त्याच रणगाड्यातले तोफची. त्यातून जिवंत आलेल्यांपैकी आता एकटेच उरलेले.

"शर्मन होती आमची," सोपानराव म्हणाले. रणगाड्याला ते 'गाडी' म्हणायचे. "दोन गोष्टी सांगतो, अलीमभाई. नळी सरळ पायजे. नाकासमोर. आन् ड्रायव्हरचं झाकण उघडं, भिमाजी भाईर डोकं काढून हसतोय. बास."

"टरेट फिरता ठेवू का?" अलीमभाईनं विचारलं. टरेट म्हणजे वरचा फिरता बुरूज, ज्याला तोफेची नळी असते.

"कशाला फिरता?"

"खऱ्यात फिरतो ना."

सोपानराव चपला घालून निघाले.

अलीमभाई नगरच्या रणगाडा संग्रहालयात दोनदा जाऊन आला. शर्मनभोवती प्रदक्षिणा घालून पावलं मोजली. नळी जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलची केली. डाव्या हाताला ड्रायव्हरचं झाकण, बारीक बिजागरीवर उघडणारं. भिमाजीचं डोकं हरभऱ्याएवढं, अनसाबाईंनी दिलेल्या एकुलत्या एक फोटोवरून रंगवलेलं. त्या हरभऱ्याला मिशीसुद्धा होती.

आणि टरेट फिरता ठेवला. अचूकपणाचा आजार असतो काही लोकांना.

रणगाडा टीव्हीवर ठेवला. नळी सरळ, झाकण उघडं, भिमाजी हसतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभी एकटी घरात होती.

पावणेतीनला दार वाजलं...

टक. टक. टक.

तिनं दार उघडलं. बाहेर कुणी नाही. समोरच्या क्वार्टरला कुलूप.

वळून आत आली, तर रणगाड्याची नळी डावीकडं वळलेली.

झाकण बंद. नळी बरोब्बर झाकणावर आडवी.

भिमाजी दिसत नव्हता.

अलीमभाईनं बिजागरी तपासली. स्प्रिंग नाही, उतार नाही. उंदीर म्हणावा तर उंदराला टरेट फिरवायचं ट्रेनिंग लागतं. त्यानं नळी सरळ केली आणि झाकण उघडलं.

भिमाजीचा चेहरा काळा झाला होता.

रंग उडाला नव्हता. काजळी बसली होती.

त्यानं पुसून पुन्हा रंगवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या दिवशी त्यानं मला बोलावलं. कुटुंबातला शिकलेला माणूस म्हणून. शिरूरहून एसटीनं दीड तास आदळत मी पोचलो. योगायोगानं सोपानरावही आले होते, कारण दुसऱ्या दिवशी सत्कार होता आणि रणगाडा न्यायचा होता. त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं.

पावणेतीनला आम्ही तिघं रणगाड्यासमोर बसलो. भाभी शेजारी निघून गेली होती. ती आमच्यापेक्षा शहाणी.

मी नळीवरून नजर काढली नाही. अलीमभाईनंही नाही.

तरीही फिरताना ती कुणालाच दिसली नाही.

सरळ होती...

आणि मग डावीकडं होती. झाकण बंद होतं.

टक. टक. टक.

तो पत्र्याचा आवाज नव्हता. पत्रा मी ओळखतो. तो आवाज जाड लोखंडाचा होता. खूप जाड. खूप आतून.

सोपानराव खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसले.

"अजून वाजवतोय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडं न बघता, फरशीकडं बघत.

"पाणी सोडल्यालं रान होतं. गाडी रुतली. पोटाखालचं झाकण चिखलात. डावीकडनं त्यांची गाडी आली म्हणून मी टरेट डावीकडं घेतला. आमी मारायच्या आधी त्यांनी मारला. टरेट फिरवायचा करंट गेला. आग लागली. आमी वरच्या झाकणातनं उड्या टाकल्या."

"आणि भिमाजी?"

"त्याचं झाकण नळीखाली. नळी बाजूला झाल्याबिगर उघडत न्हाई."

"मग काहीच इलाज नव्हता," मी म्हणालो. माणसाला धीर देण्याची मला घाई असते. त्यामुळं पुढचं ऐकावं लागत नाही.

"होता की." सोपानराव म्हणाले. "हातानं फिरवायचं चाक असतंय टरेटला. बारा फेरे. लय झालं तर पंधरा. मी सगळ्यात मागं हुतो. चाक माझ्या गुडघ्याला लागत हुतं."

यार्डात कुठंतरी इंजिनानं शिट्टी दिली.

"किती वेळ वाजवत होता?" अलीमभाईनं विचारलं.

"आमी बांधामागं पडलो हुतो. मी मोजलं न्हाई. बाकीचे मोजत हुते."

मग ते आमच्याकडं वळले आणि हात जोडले. अठ्ठावन्न वर्षांचा, मेडल लावलेला माणूस.

"अनसाला मी सांगितलंय, गोळा लागला आन् जागच्या जागी गेला. पाणी सुदिक मागितलं न्हाई. चौतीस वर्सं ती त्या बोलण्याच्या आधारावर झोपती. तिला हे कळू देऊ नगा. उद्या तिथं काळं तोंड दिसलं, नळी फिरल्याली दिसली, तर ती इचारल. टरेट पक्का चिकटवा. झाकण बी चिकटवा. बंद करून."

"तो आत आहे, सोपानराव," अलीमभाई म्हणाला.

"तो चौतीस वर्सं आतच हाय."

अलीमभाईनं माझ्याकडं बघितलं. शिकलेला माणूस म्हणून. मी म्हणालो, "बाईचा विचार केला पाहिजे."

लक्षात घ्या, हे वाक्य माझं आहे.

दोन ट्यूब मिसळून लावायचं ते पक्कं सोल्युशन त्यानं काडीनं लावलं. आधी टरेटला, नळी सरळ करून. मग झाकणाच्या कडेला. हे सोल्युशन धरेपर्यंत दाबून ठेवावं लागतं. अलीमभाईनं हात मागं घेतले, म्हणून दाबायचं काम माझ्याकडं आलं. दहा मिनिटं. उजव्या हाताचा अंगठा.

दोन मिनिटं झाली असतील...

माझ्या अंगठ्याखाली.

टक. टक. टक.

आवाज नव्हता. फक्त जाणवलं. आतून कुणीतरी बोटाच्या पेराएवढ्या जागेत ढकलावं तसं.

दोघं माझ्याकडं बघत होते. कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. मी अंगठा उचलला असता तर झाकण उघडलं असतं. सोल्युशन अजून ओलं होतं.

मी घड्याळाकडं बघत राहिलो आणि उरलेली आठ मिनिटं पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी मांडवगणला सत्कार. वेळ सकाळी अकराची. पण एक पुढारी, एक माजी पुढारी आणि एक होऊ घातलेला पुढारी बोलायचे होते. तिघांनीही भिमाजीबद्दल सांगितलं. तिघांनाही त्याचं आडनाव माहीत नव्हतं. पेटीला हार घालायला अनसाबाईंना बोलावलं तेव्हा पावणेतीन वाजले होते.

बाई हार घेऊन वाकल्या.

आणि तशाच थांबल्या...

कान काचेला लावून.

स्टेजवर सोपानरावांनी खुर्चीचा हात धरला.

"वाजतंय," अनसाबाई म्हणाल्या.

माईक चालू होता. सगळ्या गावानं ऐकलं.

"काय वाजतंय, अनसा?" सोपानरावांचा आवाज आला.

बाई हसत होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो, पण शेजारच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, त्यावरून कळलं की हे हसू गावालाही नवीन होतं.

"त्येंची सवय हाय ती. सुट्टीवर आले की रातच्याला दार वाजवायचे. तीनदा. मामंजी ओट्यावर झोपल्यालं, हाक कशी मारायची? आन् मी तरी नाव कसं घ्यायचं? म्हणून मी बी आतनं तीनदा वाजवायची. म्हंजी जागी हाय. मग कडी काढायची."

आणि त्यांनी बोटाच्या पेरानं काचेवर वाजवलं.

टक. टक. टक.

गावानं टाळ्या वाजवल्या. होऊ घातलेल्या पुढाऱ्यानं डोळे पुसले, त्याचा फोटो आला.

"शाळंला दुसरा करा," अनसाबाई अलीमभाईला म्हणाल्या. "ह्यो मी घरी न्हेती."

कुणी नाही म्हणालं नाही.

त्यानंतर सोपानराव घराचं एकही दार लावेनासे झाले. झोपायला अंगणात. न्हाणीच्या दाराची फळी त्यांनी स्वतः काढून टाकली. दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात गेले. शेवटचे काही दिवस त्यांचा उजवा हात हवेत गोल फिरायचा. पोरं म्हणायची, आबा जातं ओढतायत. मोजणारं कुणी जवळ नव्हतं.

अलीमभाई अजून रणगाडे करतो. आता त्यांत माणसं बसवत नाही.

मी गेलो थेट दोन हजार चारमध्ये. परीक्षेच्या कामानं मांडवगणला जाणं झालं, असं मी स्वतःला सांगितलं. परीक्षेच्या कामाला पिशवीत लोखंड कापायची बारीक करवत लागत नाही. ती मी अलीमभाईकडून मागून आणली होती. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही.

अनसाबाईंनी चहा दिला. रणगाडा देवळीत होता, पेटीतून बाहेर काढलेला. झाकणावरचा हिरवा रंग एका जागी घासून पत्रा चकाकत होता. त्यांच्या बोटाची जागा.

"रोज बोलणं होतंय," त्या म्हणाल्या. "दुपारी. ते वाजवत्यात, मी वाजवती. लय बरं वाटतं बघा. चौतीस वर्सं घरात नुसतं वारं होतं."

"किती वेळ वाजवतात?" मी विचारलं.

"मी थांबस्तोवर. मी सांगती, जागी हाय, हितंच हाय. तरी वाजवत्यात. लाडात आल्यासारखं."

मी पिशवीत हात घातला. करवत हाताला लागली.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. बाई, ते तुमच्याशी बोलत नाहीत. ते कडी काढायला सांगतायत.

त्यांनी पदरानं रणगाडा पुसला. मग म्हणाल्या, "तुमी बी वाजवा की, भाऊ. तुमी दोघांनीच केलाय न्हवं?"

घड्याळात पावणेतीन झाले होते.

मी अंगठा पुढं केला. का, ते माहीत नाही. बोट पुढं करायला हवं होतं.

टक. टक. टक.

थोडा वेळ काहीच नाही...

मग उत्तर आलं.

तीनदा नाही.

दहादा. वीसदा. दम न घेता. देवळीतला दिवा हलायला लागला, भांड्यांच्या फळीवरचा पेला खाली आला. लोखंडावर मुठी. आणि मग मुठींपेक्षा काहीतरी टणक. डोकं असावं.

मी चाळीसपर्यंत मोजलं. नंतर मीही मोजणं सोडलं.

अनसाबाई थक्क होऊन बघत होत्या. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर कौतुक.

"आजवर असं कवा केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वळखलं त्यांनी."

मी एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. करवत पिशवीतच होती.

आता मी दुपारचा तास घेत नाही. कॉलेजात ॲसिडिटीचं कारण दिलंय. पावणेतीनला उजव्या अंगठ्याखाली काही धरत नाही, खडू नाही, पेन नाही, कप नाही.

तरी आतून ढकलल्यासारखं होतं.

तेव्हा मांडवगणला अनसाबाई उत्तर देत असतात, जागी हाय, हितंच हाय.