धुराड्यातली पोकळी

शेगडी बसवायला आलेल्या डिल्विनने पोलादी नळी धुराड्यात सोडली तेव्हा हवा स्वच्छ होती आणि खालच्या कुरणात मेंढ्या चरत होत्या. वेल्सच्या डोंगरावरचं हे जुनं घर, त्याचं धुराडं भलतंच रुंद. लाकडावर चालणारी नवी शेगडी लावायची तर नळीभोवतीची पोकळी भरावीच लागते, नाहीतर नळी गार पडून आत काजळीचं डांबर धरतं. खाली शेगडीच्या वर पत्रा ठोकून त्याने कडा लिंपून घेतल्या होत्या. आता छपरावरून भाजलेल्या अभ्रकाचे हलके दाणे ओतायचे, वर झाकण बसवायचं, की काम संपलं.

पहिलं पोतं रिकामं झालं आणि धुराड्यात कोणीतरी खोकलं.

डोमकावळा अडकला असेल. पण सकाळीच त्याने स्वतः ब्रश फिरवला होता. त्याने दोरीला विजेरी बांधून आत सोडली. विटा, नळी, दाणे. बाकी काही नाही.

"थांबलास का रे?" अंगणातून मेरियन ओरडला. घर त्याचं आणि त्याच्या बहिणीचं, हेलेदचं.

"आत काहीतरी आहे."

"काहीतरी कसलं? म्हातारी आहे. ओत तू."

डिल्विन हसला. मेरियन हसला नाही.

त्यांची आई गेल्या हिवाळ्यात याच धुराड्याखाली, विझलेल्या विस्तवापुढे गारठून मेली होती. हेलेद तेव्हा इस्पितळात होती. लाकडं आत आणायला घरात मेरियन एकटाच होता. गावात त्यावर कोणी मोठ्याने बोलत नसे.

डिल्विनने दुसरं पोतं उपडं केलं.

"बाळा," धुराड्यातून आवाज आला, घोगरा, दमलेला. "नाकातोंडात जातंय रे."

पोतं त्याच्या हातातून निसटलं.

हेलेद दारातून धावत अंगणात आली. "ऐकलंस ना? रोज म्हणते, थंडी वाजते. मेरियन, नको रे! फोड तो पत्रा!"

"म्हातारी मला बर्फात बाहेर काढून कडी घालायची, तेव्हा मीही रडायचो." मेरियन शिडी चढत होता. "तुला तेव्हा आत छान झोप लागायची, नाही का?"

त्याने डिल्विनला बाजूला सारलं, धुराड्यात तोंड घातलं आणि अगदी मायेने म्हणाला, "आता सुचलं होय गं, बाळा म्हणायचं?"

मग तो ओतत राहिला.

खोकला वाढला. घुसमटला.

थांबला.

"झाकण लाव," मेरियन म्हणाला. डिल्विनने लावलं. त्याला खाली उतरायचं होतं, लवकर.

शेगडी पेटवली. धूर सरळ वर गेला. खोली इतकी तापली की डिल्विनने कोट काढला. मेरियन मांडीवर थाप मारत म्हणाला, "बघ, किती शांत!" आणि आणखी एक ओंडका आत सरकवला.

हेलेद भिंतीशी खुर्ची ओढून बसली होती. पाठ धुराड्याला टेकलेली, डोळे मिटलेले.

"येतो, हेलेदबाई," म्हणून डिल्विनने तिचा हात हातात घेतला.

हात ओढ्यातल्या दगडासारखा गार होता. तिने काहीतरी पुटपुटायला ओठ उघडले, आणि त्या तापलेल्या खोलीत तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.